गळीत हंगामातला रस्ता

चि. समीर यास,


पलूसच्या एमआयडीसीत तुला काम लागल्याचं ताईने कळवलं. फार बरं वाटलं. पण आठची शिफ्ट आणि कराडहून रोज मोटारसायकल, हे ऐकल्यापासून मनाला घोर लागलाय, म्हणून लिहितोय. आता साखर कारखाने सुरू झालेत आणि थंडीही पडायला लागलीय. त्या रस्त्यावर या दोन गोष्टी एकत्र येतात.

कृष्णाकाठी पहाटेचं धुकं पाणी दिलेल्या उसाच्या रानात साचून राहतं आणि रस्त्यावर पसरतं. चढावर सगळं स्वच्छ दिसतं, उतारावर ओढ्याच्या पुलापाशी मात्र एकदम पांढरी भिंत उभी राहते. त्या भिंतीत उसाची डबल ट्रॉली असते. चालणारी असली तरी तिचा वेग सायकलएवढाच, आणि पुष्कळदा ती पंक्चर होऊन तिथेच उभी असते. मागचा रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, नाहीतर लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेला. ट्रॅक्टरचा दिवा पुढे, पार दोन ट्रॉल्यांच्या पलीकडे. मागून येणाऱ्याला दिसतात ती उसाची टोकं, तीही अगदी जवळ गेल्यावर, थेट छातीच्या उंचीवर.

हिशेब करून बघ. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. ट्रॉली दिसून ब्रेकवर बोटं पडेपर्यंत एक सेकंद जातो, म्हणजे १५ मीटर गेले. पुढे गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावरही अठरा-वीस मीटर लागतात. धुक्यात तीस मीटरच दिसत असेल, तर ती ट्रॉली तू चुकवू शकत नाहीस, कितीही तरबेज असलास तरी. तिशीच्या वेगाने चाललास तर पंधरा मीटरच्या आसपास थांबशील. म्हणून किती वेगाने जायचं ते घड्याळाला विचारू नकोस, समोर किती दिसतंय त्यावर ठरव. दाट धुक्यात अप्पर लाईट लावू नकोस, उजेड धुक्यावरून उलटा डोळ्यांवर येतो. दिवा डिपरवरच ठेव. पुढच्या गाडीचा तांबडा दिवा धरून तिच्या मागोमाग पळायचं तर मुळीच नाही.

आणखी एक. पंक्चर झालेल्या ट्रॉलीच्या चाकाला लावलेले दगड ट्रॉली गेल्यावर तिथेच राहतात. जिथे काल ट्रॉली उभी दिसली, तिथे आज हळू जा. शेतातून ट्रॉल्या रस्त्याला लागतात त्या तोंडाशी ओला चिखल असतो, त्यात दव. तिथे ब्रेक आधीच मारून घे, चिखलावर नको. तुझ्या सव्वाशेच्या गाडीला सीबीएस आहे, एबीएस नाही. जोरात दाबलास तर चाक जाम होऊन घसरणारच.

हातांकडे लोक लक्ष देत नाहीत, मला मात्र त्यांचीच जास्त काळजी वाटते. गाडी थांबते ती मुख्यतः पुढच्या ब्रेकवर, आणि तो दाबणारी बोटं गारठून लाकूड झाली की तोच एक सेकंद दीड-दोन होतो. लोकरीच्या हातमोज्यांतून वारा आरपार जातो, शिवाय लिव्हरवरून ते सरकतात. चामड्याचे घे, पण बोटं मोकळी वळतील असे. बधिर वाटायला लागली की गाडी बाजूला घे, हात काखेत धरून ऊब दे, चहा घे. हेल्मेटच्या आत कानटोपी घालू नकोस. हेल्मेट नीट बसत नाही आणि मागचा हॉर्न ऐकू येत नाही. मफलरची टोकं जॅकेटच्या आत. काचेवर वाफ धरली तर काच जराशी उघडी ठेव.

थंडीत टायरमधली हवा उतरते. आठवड्याला एकदा सकाळी, टायर गार असतानाच तपासून घे. मागचा दिवा लागतो का तेही बघ आणि निघताना फडक्याने पूस, कारण तुझ्याही मागून कुणीतरी येतच असतं.

धुकं विरलं की सुटलो असं समजू नकोस. डिसेंबरात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि तुझा रस्ताही कराडहून आग्नेयेकडेच जातो. सातनंतर कोवळं ऊन थेट डोळ्यांत येतं. समोरून ओव्हरटेक करत येणारा तुला वेळेत दिसेलच असं नाही, तेव्हा डावी बाजू सोडू नकोस.

शिफ्टच्या साहेबांशी पहिल्याच आठवड्यात बोलून ठेव, की दाट धुकं पडलं तर अर्धा तास उशीर होईल. तिथले निम्मे कामगार याच रस्त्याने येतात, त्यांना हे नवीन नाही. बोलायला संकोच वाटत असेल तर मला कळव, मी येऊन भेटतो त्यांना. आणि हातमोज्यांचं माप पाठव, इथे बाजारात चांगले मिळतात.

तुझा,
मामा