परगावी जाताना माशांच्या खाद्याची तजवीज

दावणीच्या जनावरांच्या वैरणपाण्याची सोय लावल्यावाचून शेतकरी यात्रेस निघत नाही. माशांचा विचार मात्र निघावयाच्या दिवशी सुचतो, आणि घाईत जे सुचते ते बहुधा उलटे असते. नाशिक जिल्ह्यात बागेसाठी बांधलेल्या शेततळ्यांत रोहू, कटला व मृगळ पाळणारे बागायतदार आहेत. कित्येकांच्या घरी काचेच्या टाकीत शोभेचे मासेही असतात. दोहोंस लागू पडणारी एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. धन्याच्या गैरहजेरीत मासे उपासाने क्वचितच मरतात. ते मरतात न खाल्लेल्या खाद्याने.

बैलाने खाल्लेल्या चाऱ्याचा बराच भाग अंग ऊबदार राखण्यात खर्च होतो. माशास हा खर्च नाही, कारण त्याच्या अंगाची उष्णता पाण्याच्या उष्णतेबरोबर चढते व उतरते. म्हणून पूर्ण वाढलेला निरोगी मासा चारपाच दिवस, बहुधा आठवडाभरही, खाद्यावाचून राहू शकतो. (पिल्लांस हे लागू नाही.) उलट, उरलेले खाद्य तळाशी कुजते, कुजविणारे जंतू पाण्यातील प्राणवायू ओढून घेतात आणि विषारी अमोनिया वाढतो.

आमच्याच घरी एका दिवाळीत हे प्रत्ययास आले. पाच दिवसांकरिता जाताना खाद्याचा डबा शेजारच्या मुलाच्या स्वाधीन केला. मुलगा मायाळू, मासे काचेशी आले की ते त्यास भुकेले वाटत व तो आणखी एक चिमूट टाकी. परतलो तो पाणी ताकासारखे पांढुरके झालेले आणि सहांपैकी चार गोल्डफिश उलटे तरंगत होते. दोष मुलाचा नव्हे, डबा ठेवून जाणाराचा. माणूस दिसताच मासा काचेशी येतो ती सवय होय, भूक नव्हे.

तेव्हा चार दिवसांपर्यंत टाकीत काहीही घालू नये. त्याहून अधिक दिवस जावयाचे असल्यास नेहमीच्या निम्म्या मापाच्या पुड्या बांधून, प्रत्येकीवर तारीख घालून, दिवसाआड एक अशा द्याव्या व डबा कपाटात बंद करावा. निघण्यापूर्वी दोन दिवस पाण्याचा चौथा हिस्सा बदलावा. आपोआप खाद्य टाकणारे यंत्र घेतल्यास घरी असतानाच आठवडाभर चालवून पाहावे; दमट हवेत खाद्याचे गोळे होऊन ते अडते.

शेततळ्याचा हिशेब थोडा निराळा आहे. प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्यात पाणी मातीस लागत नाही, म्हणून नैसर्गिक खाद्य गावतळ्यापेक्षा कमी. सरासरी २०० ग्रॅमचे ५०० मासे म्हणजे १०० किलो वजन. शेकडा २ प्रमाणे रोज २ किलो शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा मिळून होतो. मालक नसताना १ किलो पुरे. आंध्र प्रदेशात कोल्लेरू सरोवराच्या बाजूस मत्स्यपालक भोके पाडलेल्या पिशव्यांत खाद्य भरून त्या बांबूस पाण्यात बांधतात. ही युक्ती आपणांस घेण्यासारखी आहे, कारण शिल्लक डोळ्यांस दिसते. कालचे उरले असेल तर आज घालू नये, एवढाच नियम गड्यास सांगावा.

ऋतूही पाहावा. पौषात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेस जावयाचे, त्या वेळी निफाडकडे कडाक्याची थंडी असते. थार पाण्यात मासे फारच थोडे खातात, म्हणून खाद्य जवळजवळ बंद ठेवावे. खरी चिंता ज्येष्ठातील. पालखीबरोबर पायी पंढरपुरास जाणाराचे घर तीन आठवड्यांवर सुटते, आणि तेव्हाच तळ्यातील पाणी तळाशी गेलेले असते. आभाळ दाटले की पाण्यातील हिरवे शेवाळ प्राणवायू कमी सोडते; पहाटे मासे पृष्ठभागी येऊन तोंडे उघडू लागतात. गड्यास ती भूक वाटते आणि तो पेंड वाढवितो. शेजारच्या मुलाने टाकीत केले तेच येथे क्विंटलाच्या मापाने होते. अशा दिवशी खाद्य अजिबात घालू नये. पंपाने तळ्यातीलच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्याने परत तळ्यात सोडावे. निघण्यापूर्वी एके पहाटे गड्यास तळ्यावर नेऊन हे करवून घ्यावे, व मोटारीच्या खोलीच्या दारावर ठळक अक्षरांत लिहून लावावे.