रक्तातील बुडबुडे आणि धमनीचे अस्तर

घरातील वडील माणसास हृदयाच्या सोनोग्राफीसाठी नेले असता कधीकधी डॉक्टर सांगतात, ‘चित्र स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून एक औषध द्यावे लागेल.’ त्या औषधात वायूचे बुडबुडे असतात हे कळताच आपला जीव घाबरा होतो. रक्तात हवा शिरली तर माणूस दगावतो, असे आपण ऐकलेले असते. ही भीती या औषधाच्या बाबतीत कितपत खरी, ते पाहू.

१९६८ साली अमेरिकेत ग्रॅमिॲक व शहा या संशोधकांनी असे दाखवून दिले, की हृदयाजवळ द्रव टोचला असता चित्रात ढगासारखे प्रतिध्वनी उमटतात. ते सूक्ष्म बुडबुड्यांचे होते. आजच्या औषधातील बहुतेक बुडबुडे तांबड्या रक्तपेशीहूनही लहान असतात. बाहेरून मेदाचे किंवा अल्ब्युमिनचे पातळ वेष्टन आणि आत सल्फर हेक्झाफ्लोराइडसारखा जड वायू, अशी त्यांची रचना असते. ते केशवाहिन्यांतून सहज पार होतात. काही मिनिटांत वेष्टन विरते व वायू श्वासावाटे बाहेर पडतो.

मग धमनीस अपाय होतो काय? ध्वनिलहरींच्या दाबाने बुडबुडा आकुंचन व प्रसरण पावतो. ध्वनि मंद असेल तर तो नुसता स्पंदन पावतो. ध्वनि प्रखर केला तर मात्र तो एकाएकी कोसळतो, द्रवाची सूक्ष्म पिचकारी उडते आणि अस्तराच्या पेशींना छिद्रे पडू शकतात. प्राण्यांवरील प्रयोगांत अशा वेळी केशवाहिन्या फुटल्याचेही आढळले आहे. तात्पर्य, वाहिनीस होणारी इजा बुडबुड्यापेक्षा ध्वनीच्या जोरावर अवलंबून असते. म्हणूनच तपासणीत तो जोर बेताचा ठेवतात.

अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २००७ साली या औषधांविषयी कडक इशारा दिला होता. अधिक माहिती तपासून २००८ मध्ये तो पुष्कळ सौम्य केला. तीव्र ॲलर्जी क्वचित होते, पण होते.

यावरून आपण एवढेच शिकावे : भिऊन तपासणी टाळू नये आणि मुकाट्याने मानही डोलावू नये. औषधाची गरज काय, हे विचारावे. पूर्वी कोणत्याही औषधाची ॲलर्जी झाली असल्यास ती आधी सांगावी, आणि डॉक्टर सांगतील तेवढा वेळ तेथेच थांबावे.