बेहचेट विकार : डोळ्यांबरोबर कानांचीही काळजी

प्रस्तुत लेखक वैद्यक नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. मात्र रुग्णालयाच्या कारभारात वावरताना वैद्यकशास्त्रातील काही गोष्टी आपोआप कानांवर पडतात. जमाखर्चात वेळेवर न नोंदलेले नुकसान पुढे भरून निघत नाही, हा नियम शरीरालाही लागू पडतो. त्याचे एक उदाहरण देणगीदार, विश्वस्त व रुग्णांच्या आप्तेष्टांपुढे ठेवीत आहे.

तोंडात वारंवार येणारे व्रण, जननेंद्रियांवरील व्रण आणि डोळ्यांचा दाह ही तिन्ही लक्षणे एकाच रोगाची आहेत, असे तुर्कस्तानातील त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेट यांनी १९३७ साली मांडले. त्यांच्याच नावाने हा विकार ओळखला जातो. भूमध्य समुद्रापासून जपानपर्यंत, प्राचीन रेशीम मार्गाच्या पट्ट्यात तो विशेष आढळतो व तुर्कस्तानात त्याचे प्रमाण सर्वाधिक आहे. भारतात तो विरळ असला तरी अपरिचित नाही. बहुधा २० ते ४० या ऐन कर्त्या वयात त्याची सुरुवात होते. तो संसर्गजन्य नाही. लहानमोठ्या रक्तवाहिन्यांचा दाह हे त्याचे मूळ होय.

दृष्टी जाण्याच्या भीतीने रुग्ण डोळ्यांची तपासणी नियमाने करवून घेतात. कानांकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. अंतर्कर्णात ऐकण्याचे व तोल सांभाळण्याचे अशी दोन्ही इंद्रिये शेजारी शेजारी आहेत. त्यांना रक्त पुरविणारी धमनी अत्यंत बारीक असून तिला पर्यायी वाट नाही. दाहामुळे हा पुरवठा खंडित झाला, तर तेथील सूक्ष्म संवेदनपेशी मरतात आणि त्या पुन्हा निर्माण होत नाहीत.

हे नुकसान पुष्कळदा उंच पट्टीच्या आवाजांपासून सुरू होते. बोलणे ऐकू येते, पण नीट उमगत नाही. आमच्या रोखपालाच्या खिडकीशी एका तरुण रुग्णाने ‘साठ’ रुपये हा आकडा ‘सात’ असा ऐकला आणि तीन वेळा पुन्हा विचारला. ‘याचे लक्षच नसते,’ असे सोबतचे वडील त्रासून म्हणाले. पुढे श्रवणचाचणी झाली, तेव्हा दोष लक्षाचा नसून कानाचा असल्याचे स्पष्ट झाले. त्या पित्याचा चेहरा आजही आठवतो.

यास्तव कुटुंबीयांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. निदान होताच एकदा श्रवणचाचणी करावी व तज्ज्ञांच्या सल्ल्याने ती ठरावीक काळाने पुन्हा करावी. ही चाचणी वेदनारहित असते.

२. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाल्यास ‘मळ असेल’ म्हणून थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. स्टेरॉइड औषधांचा लाभ पहिल्या दोन आठवड्यांत, तोही जितक्या लवकर तितका अधिक होतो.

३. कानात सतत गुणगुण, गरगरणे, अंधारात चालताना तोल जाणे ही लक्षणे डॉक्टरांना आवर्जून सांगावीत. चक्करेसोबत एकाऐवजी दोन दिसणे, बोलण्यात अडखळणे किंवा हातपाय लुळे पडणे असल्यास मेंदूपर्यंत दाह पोहोचल्याची शक्यता असते. अशा वेळी क्षणाचाही विलंब नको.

४. बरे वाटू लागले म्हणून औषधे परस्पर बंद करू नयेत.

गेलेले ऐकणे प्रत्येक वेळी परत येतेच असे नाही. तथापि श्रवणयंत्र आणि ते अपुरे पडल्यास कॉक्लियर रोपण यांचा आधार घेता येतो. तोलासाठी शिकविले जाणारे व्यायाम नेमाने केल्यास पुष्कळांना पुन्हा निर्धास्त चालता येते.

देणगीदारांच्या औदार्यातून येणारे प्रत्येक उपकरण आम्ही मालमत्तेच्या यादीत नोंदवितो. परंतु श्रवणचाचणीच्या यंत्राचे खरे मोल त्या यादीत मावत नाही. घरातील माणूस पुन्हा पुन्हा ‘काय?’ असे विचारू लागला, तर त्याच्यावर रागावण्याआधी त्याची श्रवणचाचणी करवून घ्यावी, एवढीच नम्र विनंती.