गणिताचा सराव आणि चुकीचे उत्तर

राज्यातील अनेक शाळांतून लोकवर्गणीतून, ग्रामपंचायतीच्या साहाय्याने अथवा शासनाच्या योजनेतून टॅबलेट व संगणक आलेले आहेत. २०२० च्या मार्च महिन्यात कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हापासून भ्रमणध्वनीवर उदाहरणे सोडविणे ही गोष्टही ग्रामीण भागातील पालकांना अपरिचित राहिलेली नाही. केंद्र शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या ‘दीक्षा’ या व्यासपीठावर मराठीतील अभ्याससाहित्य उपलब्ध आहे आणि बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडमधून ते उघडता येते. साधने आली, आता त्यांच्यापासून गणित कसे येणार, हा प्रश्न शिक्षकांच्या, अधिकाऱ्यांच्या व शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांच्या पुढे आहे. त्याचे उत्तर यंत्रात शोधण्याऐवजी मुलाच्या चुकीच्या उत्तरात शोधले, तर ते लवकर सापडते, असे या क्षेत्रातील अभ्यासावरून दिसते.

एक साधी वजाबाकी घेऊ. ५०३ मधून २६८ वजा करावयाचे आहेत. बरोबर उत्तर २३५. वर्गातील तीन मुलांची उत्तरे चुकली असे समजू. पहिल्याने ३६५ लिहिले, दुसऱ्याने ३३५, तिसऱ्याने २६५. वहीत तिघांच्याही उत्तरावर लाल शाईची सारखीच फुली पडते. तिघांनाही तीच सूचना मिळते : ‘लक्ष देऊन कर.’

वस्तुतः तिघांनीही पुरेसे लक्ष दिलेले आहे. पहिल्या मुलाने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. तीनातून आठ जात नाहीत, तर आठातून तीन काढले व पाच लिहिले. शून्यातून सहा जात नाहीत, तर सहातून शून्य काढले व सहा लिहिले. अंक वर आहे की खाली, याला त्याच्या लेखी महत्त्व नाही. दुसऱ्याला उसने घेणे ठाऊक आहे. त्याने एकक स्थानी तेराचे आठ वजा केले, दशकस्थानच्या शून्याचे नऊ केले. परंतु ते नऊ ज्या शतकातून आले त्या पाचाचे चार करावयाचे राहिले. तिसऱ्याने पाचाचे चार केले खरे, पण दशकाचे घर वगळून ते उसने थेट एककाला दिले आणि मग दशकस्थानी पहिल्या मुलाचीच वाट धरली. पहिल्या मुलाला स्थानिक किंमत पुन्हा शिकवावी लागेल. दुसऱ्याला व तिसऱ्याला शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा व त्यांतील एक नोट मोडून दहा सुटे रुपये, हा व्यवहार हाताने करून दाखविला तर पुष्कळदा तेवढ्याने काम होते. तिघांना मिळून आणखी वीस उदाहरणे दिली, तर तिघेही आपापली चूक वीस वेळा घोटून पक्की करतील. सरावाने बरोबर रीत जशी अंगवळणी पडते, तशीच चुकीची रीतही पडते. पाढे पाठ करवून घेणाऱ्या जुन्या गुरुजींना हे पक्के ठाऊक होते. चुकीचा पाढा मुलाच्या तोंडी बसण्यापूर्वीच ते त्याला थांबवीत असत.

अमेरिकेतील जॉन सीली ब्राउन व रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ साली याच विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. निकाराग्वा या मध्य अमेरिकेतील देशात त्या दशकात नभोवाणीवरून प्राथमिक शाळांना गणित शिकविण्याचा प्रकल्प चालू होता. नभोवाणीवरील निवेदक प्रश्न विचारी, मुलांनी उत्तर द्यावे म्हणून काही क्षण थांबे, आणि मग बरोबर उत्तर सांगे. त्या देशातील चौथी ते सहावीच्या एक हजाराहून अधिक मुलांनी सोडविलेल्या वजाबाक्या या संशोधकांनी संगणकाच्या साहाय्याने तपासल्या. त्यांना असे आढळले की, पुष्कळशा चुका निष्काळजीपणाच्या नसून नियमबद्ध असतात. मूल एक विशिष्ट, परंतु सदोष रीत निष्ठेने पाळत असते. म्हणून पुढच्या उदाहरणात ते काय उत्तर लिहील हेसुद्धा आधी सांगता येते. ‘बग्गी’ नावाचा त्यांचा संगणकीय खेळ भावी शिक्षकांसाठी होता. त्यात संगणक एखाद्या चुकणाऱ्या मुलाची भूमिका घेई आणि त्याची चूक नेमकी कोणती, हे शिक्षकाने ओळखावयाचे असे. आपल्या अध्यापक विद्यालयांतून असा खेळ कागदावरही सहज घेता येईल.

ऑनलाइन सरावाचा खरा उपयोग येथे सुरू होतो. वही तपासून परत येईपर्यंत दोन-चार दिवस जातात. तोवर ते उदाहरण आपण कसे केले होते, याचा मुलाला विसर पडलेला असतो. संगणक त्याच क्षणी उत्तर तपासतो. अमेरिकेच्या मेन राज्यात ४३ शाळांतील सातवीच्या २,८५० विद्यार्थ्यांवर याचा एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. गृहपाठ तोच, पाठ्यपुस्तक तेच. फक्त काही शाळांत मुलांनी उत्तरे ‘असिस्टमेंट्स’ या संगणकीय प्रणालीत भरली. उत्तर चूक की बरोबर हे त्यांना तत्काळ कळे आणि कोणते उदाहरण वर्गात सर्वांत जास्त जणांचे चुकले, याचा अहवाल शिक्षकाला मिळे. हा सराव रात्री दहा मिनिटांहूनही कमी वेळ व आठवड्यातून तीन-चार दिवसच होत असे. तरीही वर्षाअखेरीस या मुलांची गणितातील प्रगती इतर शाळांतील मुलांपेक्षा अधिक आढळली. आणि जी मुले आधी मागे होती त्यांना लाभ जास्त झाला. थोडा पण नियमित सराव, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्या चुकांवर बोलणे, या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र होत्या.

आपल्या देशातील उदाहरण दिल्लीचे आहे. तेथील शासकीय शाळांतील ६१९ विद्यार्थ्यांमधून २०१५ साली सोडत काढून काहींना ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय सरावाच्या केंद्रांत विनामूल्य प्रवेश देण्यात आला. दीड तासाच्या सत्रात निम्मा वेळ संगणकावर व निम्मा वेळ लहान गटात साहाय्यक शिक्षकासमोर, अशी विभागणी होती. सहावीतील मुले गणितात सरासरीने सुमारे अडीच इयत्ता मागे होती, असे प्रारंभीच दिसून आले. संगणकाने त्यांना सहावीचे गणित दिले नाही. ज्याची जी पातळी तेथून त्याचा सराव सुरू केला. साडेचार महिन्यांनंतर सोडतीत प्रवेश मिळालेल्या मुलांची गणितातील प्रगती इतरांच्या सुमारे दुप्पट भरली. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला असून त्यातील एक बाब अधिकाऱ्यांनी विशेषत्वाने पाहण्यासारखी आहे. शाळेच्या नेहमीच्या परीक्षेत याच मुलांच्या गणिताच्या गुणांत लक्षणीय वाढ दिसली नाही. तिसरीच्या पातळीवरून पाचवीच्या पातळीवर आलेले मूल सातवीच्या प्रश्नपत्रिकेत नापासच दिसते. केवळ वार्षिक गुणांवरून एखादी योजना फसली असा शेरा मारणे म्हणूनच धोक्याचे आहे.

अर्थात प्रत्येक सूचना उपकारकच ठरते असे नाही. क्लुगर व डेनिसी यांनी १९९६ साली याविषयीच्या शेकडो निष्कर्षांचा एकत्रित विचार केला, तेव्हा एकतृतीयांशाहून अधिक ठिकाणी प्रतिसाद दिल्यानंतर कामगिरी उलट घसरल्याचे आढळले. मुलाचे लक्ष उदाहरणावरून निघून स्वतःच्या मानापमानाकडे वळले की असे घडते, असा त्यांचा अभिप्राय होता. पडद्यावर तारे, पदके व वर्गातील क्रमांक यांची उधळण करणारे सरावाचे कार्यक्रम निवडताना हे ध्यानात ठेवणे इष्ट. मुलेही चतुर असतात. चार पर्यायांपैकी एकेक दाबत हिरवा रंग दिसेपर्यंत पुढे जाणे त्यांना लवकर जमते, आणि पडद्यावर मात्र ‘शंभर उदाहरणे पूर्ण’ अशी नोंद होते.

प्रश्न कसा रचला आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. ०.७५ व ०.५ यांपैकी मोठी संख्या कोणती, असे विचारले असता जे मूल पंचाहत्तर पाचापेक्षा मोठे म्हणून ०.७५ निवडते, त्याचे उत्तर बरोबर येते व गैरसमज झाकलेला राहतो. ०.४५ व ०.६ विचारले की तोच गैरसमज उघड होतो. आपल्या भाषेचाही एक विशेष आहे. ‘त्रेसष्ट’ या शब्दात तीन आधी ऐकू येतात व साठ नंतर; त्यामुळे लहान मूल ऐकलेल्या क्रमाने ३६ लिहून मोकळे होते. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशा वाचनाचा समावेश झाला, त्यावरून २०१९ साली विधिमंडळापर्यंत वाद गेला. त्या वादात न शिरताही एवढे म्हणता येईल की, इंग्रजीतून जशाच्या तशा भाषांतरित केलेल्या सरावात या चुकीसाठी स्वतंत्र सूचना असण्याचा संभव कमी. मराठी मुलांसाठी केलेल्या सरावात ती असलीच पाहिजे.

तेव्हा एखादा कार्यक्रम विकत घेण्याचा ठराव समितीपुढे आला, तर सदस्यांनी त्यातील चित्रे व संगीत पाहण्यात वेळ न दवडता वर दिलेली वजाबाकी त्यात करून पाहावी. ३६५ व ३३५ या दोन उत्तरांना कार्यक्रम निरनिराळी सूचना देतो की नुसती फुली दाखवितो? मूल मागच्या इयत्तेच्या पातळीवर जाऊ शकते का? आठवड्याच्या शेवटी शिक्षकाला कोणाचे काय चुकले याची मराठीत यादी मिळते का? आणि ती यादी वाचण्यासाठी वेळापत्रकात शिक्षकाला एक तास मोकळा दिलेला आहे का? हा शेवटचा प्रश्न विक्रेत्याला नव्हे, तर मुख्याध्यापकांना व केंद्रप्रमुखांना विचारावयाचा आहे.

जेथे जाळे मिळत नाही किंवा चाळीस मुलांमागे एकच भ्रमणध्वनी आहे, तेथेही हे काम अडून राहू नये. शिक्षकाने शाळा सुटण्यापूर्वी फळ्यावर विचारपूर्वक निवडलेली दोनच उदाहरणे द्यावीत, मुलांनी उत्तरे चिठ्ठ्यांवर लिहून द्यावीत, आणि शिक्षकाने त्या चिठ्ठ्या नावांप्रमाणे न लावता उत्तरांप्रमाणे लावाव्यात. चाळीस चिठ्ठ्यांचे बहुधा चार-पाच गठ्ठेच होतात. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला एकेका गठ्ठ्याची मुले जवळ बोलावून प्रथम त्यांना एवढेच विचारावे : ‘हे उत्तर तू कसे काढलेस, मला करून दाखव.’