वॉरंटीनंतरची गाडी

चि. मृण्मयीस,


पुढच्या महिन्यात तुझ्या गाडीला तीन वर्षं पूर्ण होतात आणि वॉरंटी संपते. शोरूमवाला एकीकडे वाढीव वॉरंटीचा कागद पुढे करतो आहे, दुसरीकडे एक्स्चेंजचा भाव सांगतो आहे. तुझ्या बाबांचं म्हणणं असं, की हल्लीच्या गाड्या तीन वर्षांच्या बेतानेच बनवतात, तेव्हा आत्ताच काढून टाकलेली बरी. तू माझं मत विचारलं आहेस, तर आधी निकाल सांगतो: गाडी ठेव. आजच्या गाड्या पूर्वीच्या गाड्यांपेक्षा कमी वेळा बिघडतात, पण बिघडल्या की एका फटक्यात जास्त पैसे काढतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लोक त्यातली सोयीची तेवढी धरतात आणि भांडतात. वॉरंटीनंतर काय करायचं ते मात्र दोन्ही एकदम ध्यानात ठेवूनच ठरवावं लागतं.

वॉरंटीची तारीख हे गाडीचं आयुष्य नव्हे, इथून सुरुवात करू. मारुतीने जुलै २०२४ मध्ये आपली नेहमीची वॉरंटी दोन वर्षं किंवा ४० हजार किलोमीटरवरून तीन वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. त्या महिन्यात इंजिनाचं लोखंड बदललं नाही. जूनमध्ये विकलेली आणि ऑगस्टमध्ये विकलेली गाडी एकाच साच्यातली होती. बदलला तो कंपनीचा हिशेब: स्पर्धेत टिकायला किती जबाबदारी घ्यायची आणि तिचा खर्च किमतीत कसा बसवायचा. यंत्रांच्या बिघाडाचा अभ्यास करणारे इंजिनिअर सांगतात, की यंत्र सुरुवातीला बनावटीतल्या चुकांमुळे बिघडतं, मग बराच काळ शांत चालतं आणि शेवटी झिजेमुळे पुन्हा कुरकुरायला लागतं. तीन वर्षांची वॉरंटी बहुतेक वेळा पहिल्या टप्प्यावर पांघरूण घालते. ती संपते तेव्हा नीट जोडलेली गाडी साधारण शांत काळात असते. म्हणजे नव्या गाडीच्या किमतीतली घसरण सोसून, तिच्या खोडी निस्तरून झाल्यावर, ऐन उपयोगाच्या वर्षांत ती दुसऱ्याला देऊन टाकायची, असा हा बाबांचा सल्ला आहे.

पुरावा काय, असं तू विचारशील. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय २०२४ मध्ये १२.६ वर्षं होतं. १९७० च्या सुमारास ते सहा वर्षांच्या आत होतं. ह्यावर आक्षेप असा, की नवी गाडी महाग झाली म्हणून लोक जुनी वापरत राहतात. खरं आहे. पण नवी कितीही महाग झाली तरी जी चालतच नाही ती वापरता येत नाही, एवढं तरी त्या आकड्यातून निघतंच. ह्याच्या उलट दिसणारा पुरावाही आहे. जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या मालकांना तक्रारी विचारते. दर १०० गाड्यांमागे २०२४ मध्ये १९० तक्रारी होत्या, २०२५ मध्ये २०२. म्हणजे गाड्या बिघडत चालल्या? त्या तक्रारींत सगळ्यात मोठा वाटा डॅशबोर्डवरच्या पडद्याचा आणि फोनच्या जोडणीचा आहे. फोन जोडला जात नाही, ही तक्रार आणि गिअर पडत नाही, ही तक्रार तिथे एकेकच मोजली जाते. जर्मनीतल्या एडीएसी ह्या मोटार संघटनेच्या मदत-गाड्यांची नोंद ह्या बाबतीत जास्त बोलकी आहे, कारण तिथे वैताग मोजत नाहीत, रस्त्यात अडकलेली गाडी मोजतात. त्यांच्या २०२४ च्या नोंदीत ४५ टक्क्यांच्या आसपास प्रसंगांत दोषी निघाली ती साधी १२ व्होल्टची बॅटरी. दोन ते चार वर्षं वयाच्या गाड्यांत हजारामागे अडकलेल्या विजेच्या गाड्या ४.२ आणि इंधनाच्या १०.४.

तू म्हणशील, जर्मनीचे रस्ते कुठे आणि आपला कात्रज-देहूरोड बायपास कुठे. बरोबर. खड्डे, धूळ, ऊन आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमधली रांग ह्यांनी आपल्याकडे सस्पेन्शनचे बुश, क्लच, ब्रेक आणि बॅटरी लवकर जाते. पण ह्यातले बहुतेक भाग झिजेचे म्हणून वॉरंटीत नसतात किंवा थोड्याच काळापुरते असतात. त्यांचा खर्च तू आजही देतेसच. वॉरंटी संपल्याने त्यात फारसा फरक पडणार नाही.

आता बाबांचा मुद्दा. पद्मिनी, ॲम्बॅसेडर, मारुती ८०० ह्या गाड्या कुठलाही मिस्त्री रस्त्याकडेला उभ्या उभ्या सुरू करून द्यायचा, असं ते नेहमी सांगतात. मुंबईत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली, हे त्यांचं आवडतं उदाहरण. पण ती गाडी कुणालाही दुरुस्त करता यायची ह्याचं एक कारण ती सारखी दुरुस्त करावी लागायची हेही होतं. पॉइंट घासणं, कार्बोरेटर साफ करणं, चढावर रेडिएटरमध्ये पाणी ओतणं हे तेव्हा नेहमीच्या वापरातच धरलेलं होतं. रिंग-पिस्टन बदलून इंजिन बोअर करून घेणं ह्यात कुणाला नवल वाटत नसे. दुरुस्तीची सोय आणि टिकाऊपणा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आठवणीत एक झाल्या आहेत. शिवाय जुन्यांपैकी ज्या आज दिसतात त्या तगलेल्या. भंगारात गेलेल्यांची गोष्ट सांगायला कुणी उरत नाही. तरीही बाबांचं निम्मं म्हणणं मी मान्य करतो. तेव्हा हेडलाइट गेला म्हणजे बल्ब जायचा. आता एलईडीचा अख्खा दिवाच बदलावा लागतो. बंपरला धक्का लागला तर आत सेन्सर, काच बदलली तर कॅमेऱ्याची पुन्हा जुळवणी. बिघाडाची संख्या घटली आणि एकेका बिघाडाची किंमत वाढली, ती अशी.

म्हणून ‘हल्लीच्या गाड्या’ असा एकच गठ्ठा करू नकोस. बोनेटखाली नेमकं काय आहे ते पाहावं लागतं, आणि पत्रातला हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एप्रिल २०२० पासून आपण बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर उडी मारली. डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर सर्रास आला. ती काजळी जाळायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. घर, शाळा, भाजी आणि परत एवढाच वापर असेल तर तो फिल्टर तुंबतो. दोष म्हणायचा तर वापराशी न जुळणाऱ्या निवडीचा. छोट्या इंजिनाला टर्बो लावून थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी इंजिनं ताकदवान असतात, पण त्यांच्या इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन बसतो, कारण पूर्वीसारखं पेट्रोल तिथून वाहून तो धुऊन काढत नाही. कोरड्या क्लचचा ड्युअल-क्लच गिअरबॉक्स हायवेवर सुरेख चालतो आणि मुंगीच्या चालीच्या ट्रॅफिकमध्ये तापतो. ह्याच जातीच्या गिअरबॉक्ससाठी फोक्सवॅगनला २०१३ मध्ये चीनमध्ये सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. युरोपात स्टेलांटिसच्या १.२ लिटर प्युअरटेक इंजिनात तेलात बुडालेला टायमिंग बेल्ट झिजून त्याचा चुरा तेलाच्या वाटा अडवू लागला, आणि कंपनीला त्यासाठीची जबाबदारी १० वर्षं किंवा १ लाख ७५ हजार किलोमीटरपर्यंत वाढवावी लागली. दोन्ही कंपन्या नावाजलेल्या. बिल्ला पाहून गाडीचा भरवसा ठरवता येत नाही तो ह्यामुळे.

मग गुंतागुंत आली की भरवसा गेला, असं म्हणावं का? तसंही नाही. टोयोटाच्या हायब्रिडची रचना १९९७ च्या प्रियसपासून चालत आली आहे. ऐकायला सगळ्यात किचकट. पण तिच्यात नेहमीचा क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, म्हणजे झिजणारे नेहमीचे भागच कमी. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या २०२३ च्या पाहणीत हायब्रिड गाड्यांत साध्या पेट्रोल गाड्यांपेक्षा २६ टक्के कमी तक्रारी निघाल्या, आणि प्लगला लावून चार्ज करायच्या हायब्रिडमध्ये १४६ टक्के जास्त. मुरलेलं तंत्र आणि घाईने बाजारात आणलेलं तंत्र ह्यातला हा फरक आहे. एखादं मॉडेल बाजारात आल्याच्या पहिल्याच वर्षी घेऊ नये, ह्या जुन्या सल्ल्याला आजही तोड नाही.

तुझी गाडी टर्बो पेट्रोल, तीही कोरड्या क्लचची ड्युअल-क्लच, आणि धावते रोज हिंजवडीपर्यंत. तेव्हा वाढीव वॉरंटी तू घे. साधं इंजिन आणि मॅन्युअल गिअर असते तर मी नको म्हणालो असतो. वाढीव वॉरंटी म्हणजे विमा, आणि विम्याच्या किमतीत विकणाऱ्याचा नफा धरलेला असतो. सरासरीने पाहिलं तर घेणारा तोट्यातच असतो. पण गिअरबॉक्स चालवणाऱ्या एका मेकाट्रॉनिक युनिटचा खर्च तुझ्या महिन्याचं गणित मोडणारा असेल, तर तो तोटा आधीच थोडाथोडा सोसलेला बरा. सही करण्यापूर्वी वगळलेल्या गोष्टींची यादी मात्र वाच. उंदरांनी कुरतडलेली वायर आणि पावसाच्या पाण्यात बसलेलं इंजिन त्यात मिळणार नाही. पाण्यासाठी गाडीच्या विम्यात इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. एकही सर्व्हिस चुकली तर दावा नाकारायला कारण मिळतं, म्हणून पावत्या जपून ठेव.

काही भाग ‘आयुष्यभर बदलायची गरज नाही’ असं सांगितलं जातं. कुणाच्या आयुष्यभर, हे कुणी सांगत नाही. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी आपल्या ऑटोमॅटिकमधलं तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते, आणि तोच गिअरबॉक्स बसवणाऱ्या काही गाड्यांच्या पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नसतो. इंजिन ऑइलचंही तेच. दहा हजार किलोमीटरचा हिशेब मोकळ्या रस्त्याचा. ट्रॅफिकमध्ये गाडी जागची हलत नाही तरी इंजिन फिरतच असतं. तू सात-साडेसात हजारांवर बदलत जा.

दुरुस्ती करणारं कुणी असणं आणि सुटे भाग मिळणं, हेही भरवशातच धरायचं. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, पुढे तळेगावचा कारखानाही बंद केला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवण्याचं जाहीर केलं. त्या गाड्या रातोरात वाईट झाल्या नाहीत, पण त्यांची किंमत पडली आणि भागांसाठी शोधाशोध आली. बाहेरच्या गॅरेजवाल्याला सुटे भाग आणि माहिती मिळू न देण्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींहून जास्त दंड केला होता. तरी आजही स्कॅनर असलेलं आणि तो वाचता येणारं गॅरेज शोधावंच लागतं. ते गाडी बिघडण्याआधी शोधून ठेव. आणि कंपनीने जाहीर केलेल्या रिकॉलचं काम वॉरंटी संपल्यावरही फुकटच होतं, हे लक्षात असू दे. गाडीचा चॅसिस नंबर घालून कंपनीच्या संकेतस्थळावर वर्षातून दोनदा पाहत जा.

वॉरंटी संपायला अजून महिना आहे. ह्या आठवड्यात गाडी सर्व्हिस सेंटरला ने. तू मला सांगितलेला गिअर बदलतानाचा झटका आणि स्टिअरिंगची करकर तिथे नुसती तोंडी सांगू नकोस, दोन्ही जॉब कार्डावर लिहवून घे आणि तारखेसह प्रत स्वतःकडे ठेव. मुदतीत नोंदलेली तक्रार उद्या मुदतीनंतर वाढली, तरी बोलायला तुझ्या हातात कागद असेल.

तुझा,
मामा