अवकाशातील बरबटी : एक निरीक्षणपाठ

दीर्घ अवकाशप्रवासात सर्व अन्न बरोबर नेणे कठीण. म्हणून तेथेच पीक घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. ३० डिसेंबर २०२४ रोजी इस्रोने चवळीचे, म्हणजे आपल्या बरबटीचे, आठ दाणे बंद पेटीतून अवकाशात पाठविले. चार दिवसांत अंकुर आले. नंतर पाने फुटली.

शिक्षकांनी काचेच्या पेल्यात ओल्या टीपकागदालगत आठ बरबट्या रुजवाव्यात. मोड आल्यावर पेला आडवा ठेवावा. मूळ वळून पुन्हा खालीच जाते, हे मुलांनी स्वतः पाहावे. मग विचारावे : जेथे वस्तू खाली पडतच नाही, तेथे मूळ कोणीकडे जाईल? उत्तर घाईने सांगू नये.

आपल्या रानात हवा, पाणी, माती आयती लाभते. त्या पेटीत ती माणसाला पुरवावी लागली, हे मुलांस उमगावे.