तोंडचा हिशेब आणि ऐकणारा फोन

मंडळी, बाजारात भाजी विकणारी बाई पाहा. गिऱ्हाईक म्हणते, "पाऊण किलो गवार, पाव किलो मिरची." बाई तोंडानेच हिशेब करते. नोट घेते, उरलेले पैसे हातावर ठेवते. कागद नाही की पेन्सिल नाही. तीच बाई परीक्षेला बसली की अडखळते. मग तिला हिशेब येतो म्हणायचे, की येत नाही?

हा प्रश्न दूर ब्राझील देशातही निघाला होता. तेथे रेसिफे नावाचे शहर आहे. तेथील रस्त्यावर माल विकणाऱ्या ५ मुलांची माहिती १९८५ साली छापून आली. तपासणारे आधी गिऱ्हाईक होऊन गेले. तोंडी हिशेबात मुलांची १०० पैकी ९८ उत्तरे बरोबर निघाली. पुढे तशीच गणिते कागदावर मांडून दिली. तेव्हा १०० पैकी ३७ च बरोबर आली!

एका मुलाला विचारले, एक नारळ ३५ चा, तर ४ नारळ केवढ्याचे? तो म्हणाला, तिनांचे १०५, त्यात ३० घातले की १३५, म्हणजे १४०. अगदी बरोबर. पण ३५ गुणिले ४ हेच गणित कागदावर आले, तेव्हा हातच्याचा घोळ झाला आणि उत्तर आले २००. मुलगा तोच, डोकेही तेच.

आपल्याकडे २०२२ साली 'उल्लास' हा प्रौढांच्या साक्षरतेचा कार्यक्रम सुरू झाला. त्याची परीक्षा १५० गुणांची. वाचनाला ५०, लेखनाला ५० आणि संख्याज्ञानाला ५०. ती कागदावर द्यायची असते. पण तोंडचा हिशेब तपासायचा तर कुणीतरी ऐकायला हवे. गावोगाव इतकी माणसे आणायची कुठून? म्हणून आता फोनलाच ऐकायला शिकवतात. फोन प्रश्न विचारतो, आपण बोलून उत्तर द्यायचे, फोन ते आकड्यांत लिहितो आणि ताडून पाहतो.

फोनला कान नाहीत. मग तो ऐकतो कसा? आपण बोललो की हवा थरथरते. फोन त्या थरथरीचे बारीक बारीक तुकडे करतो. एका सेकंदाचे सुमारे शंभर. या यंत्राला आधी पुष्कळ माणसांचे बोलणे ऐकवलेले असते. त्यावरून ते अंदाज बांधते, की हा शब्द अमुक असावा. अंदाजच तो! ज्यांचे बोलणे यंत्राने थोडेच ऐकले, त्यांच्या बाबतीत ते जास्त चुकते. अमेरिकेत २०२० साली ५ कंपन्यांची अशी यंत्रे तपासली. गोऱ्या लोकांच्या बोलण्यात १०० शब्दांमागे १९ चुका झाल्या, काळ्या लोकांच्या बोलण्यात ३५.

आता आपली मराठी घ्या. सत्तावन्न आणि सत्त्याण्णव, एकोणसाठ आणि एकसष्ट. घाईत बोलले तर माणूसही फसतो. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असेही दिले, त्यावर केवढा वाद झाला! फोनला दोन्ही कळायला हवेत. शिवाय आपले सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे आहेतच. आणि जुन्या बायका विसांनी मोजतात, ते निराळेच.

समजा, साक्षरता वर्गात मास्तरांनी आजींसमोर फोन धरला.

"आजी, चाळीस आणि पंचवीस मिळून किती?"

"तीन विसा नि पाच."

फोनवर उमटले ३५. खाली लाल फुली.

"आजी, चुकलं म्हणतोय फोन."

"का बरं? विसाचे तीन म्हंजी साठ. वर पाच. ह्ये काय लिवलंय त्यानं? तीन आन पाच! मी पस्तीस कवा म्हनले? पासष्ट म्हनले मी!"

पाहा, आजींना आकडा वाचता आला म्हणून फोनची चूक सापडली. वाचता आला नसता, तर लाल फुली बघून आजी गप्प घरी गेल्या असत्या. "मला हिशेब येत नाही," असेच धरून चालल्या असत्या. फोन वाईट नाही, बरं का. दहाजणींचे तोंडी हिशेब तो दमल्यावाचून ऐकेल. पण त्याने काय लिहिले ते आधी दाखवावे, मग बरोबर की चूक ठरवावे. दाखवत नसेल, तर मास्तरांना सांगा, "आधी आकडा दाखवा." आवाज साठवला असेल तर पुन्हा ऐकवायला सांगा. अंगठ्याऐवजी सही करताना जशी खात्री करून घेता, तशीच ही.

आता सांगा पाहू. काकू म्हणाल्या, "पावणेदोनशे." फोनने लिहिले २७५. कोण चुकले? भाऊ म्हणाले, "अडीचशे." फोनने लिहिले २५०. आणि दादा म्हणाले, "सत्तावन्न." फोनने लिहिले ९७. दादांनी काय म्हणावे?